पोलरमध्ये डबल इंटिग्रल: स्टेप्स बरोबर, उत्तर मात्र चुकतंय?

"सर, सगळ्या स्टेप्स बरोबर आहेत, परत परत तपासल्या, उत्तर तेवढं जुळत नाही."

सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की सांगलीच्या विश्रामबागेत हे वाक्य कुठंही कानावर पडतं. एका बाजूला १९१९ पासूनचं विलिंग्डन कॉलेज, दुसऱ्या बाजूला १९४७ पासूनचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, त्यामुळे बीएस्सीची मुलंही इथलीच आणि इंजिनिअरिंगचीही. दोघांचं दुखणं एकच. वही उघडून बघितली तर संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, खरोखरच बरोबर असतं. कॉस वर्गाचं सूत्र बरोबर, रिडक्शन फॉर्म्युला बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर. चूक झालेली असते ती त्याच्याही आधी, पहिल्या ओळीत, मांडणी करताना. आणि पोरगं ती ओळ सोडून खालच्या दहा ओळी घासत बसतं.

तेव्हा चुकलेलं उत्तर लगेच खोडू नका. आधी ते नीट वाचा. दुप्पट आलंय का, शून्य आलंय का, एकक बिघडलंय का, की उगाचच फार सुबक आलंय? उत्तर कशा प्रकारे चुकलंय यावरून मांडणीत कुठं घसरलंय ते बहुतेक वेळा सांगता येतं.

मोबाईलवर चिन्हं तुटतात म्हणून खाली सगळं शब्दांत लिहितो. पोलरमध्ये बिंदूची जागा एक्स-वायऐवजी अंतर आणि कोनानं सांगतात: आर म्हणजे ओरिजिनपासूनचं अंतर, थीटा म्हणजे कोन. अ म्हणजे प्रश्नात दिलेला कॉन्स्टंट, आणि पाय म्हणजे वर्तुळाचा तो ३.१४ वाला पाय. लिमिट्स कंसात दिली आहेत.

एकक बिघडलं असेल तर

मार्केट यार्डात सौद्यासाठी हळदीची पोती ओतताना ज्यानं पाहिली आहेत, त्याला शंकू वेगळा शिकवावा लागत नाही. हळद वरून पडत राहते आणि ढीग आपसूक शंकू होतो. ढिगाच्या बुडाची त्रिज्या त आणि मधली उंची उ धरू. मध्यापासून आर एवढ्या अंतरावर ढिगाची उंची असेल

झेड = उ (१ − आर/त)

घनफळ हवं तर ही उंची बुडाच्या वर्तुळावर संकलित करायची. बऱ्याच वह्यांत पुढची ओळ अशी दिसते:

∫(० ते २पाय) ∫(० ते त) उ (१ − आर/त) डीआर डीथीटा = पाय · त · उ

उत्तर दिसायला छान आहे. पण त ही लांबी, उ ही लांबी, म्हणजे हा गुणाकार झाला चौरस मीटर. ढिगाचं घनफळ चौरस मीटरमध्ये कसं येईल? एक लांबी कमी पडली, म्हणजे एक आर गळाला. बरोबर मांडणी:

∫(० ते २पाय) ∫(० ते त) उ (१ − आर/त) आर डीआर डीथीटा = २पाय · उ · (त²/२ − त²/३) = पाय · त² · उ / ३

हे शाळेत पाठ केलेलं शंकूचं सूत्रच आहे.

आता एक गंमत बघा. ढिगाची त्रिज्या ३ मीटर आणि उंची १.५ मीटर घ्या. चुकीच्या सूत्रानं उत्तर येतं ३ × १.५ पाय, म्हणजे ४.५ पाय. बरोबर सूत्रानं ९ × १.५ / ३ पाय, म्हणजे तेही ४.५ पाय! त्रिज्या ३ असली की दोन्ही सूत्रं एकच आकडा देतात. वर्तुळाच्या क्षेत्रफळातही तेच होतं. आर विसरलं तर पाय · अ² च्या जागी २पाय · अ येतं, म्हणजे क्षेत्रफळाऐवजी परीघ, आणि त्रिज्या २ असेल तर दोन्ही ४पाय. म्हणून मी मुलांना सांगतो, आकडे टाकून ताळा करू नका. प्रश्नात २ किंवा ३ दिलेलं असलं तरी बाजूला एकदा अक्षर ठेवून सोडवा. आकडा लबाडी करू शकतो, अक्षराचं एकक करत नाही.

हा आर येतो कुठून, ते एकदा हातानं करून बघितलं की पाठ करावं लागत नाही. ओरिजिनभोवती ०.१ रेडियनची एक पाचर काढा. त्या पाचरीत १ मीटर ते २ मीटर यांच्यामधला तुकडा घ्या. त्याचं क्षेत्रफळ अर्धा × (४ − १) × ०.१ = ०.१५ चौरस मीटर. त्याच पाचरीत आता १० ते ११ मीटरमधला तुकडा घ्या: अर्धा × (१२१ − १००) × ०.१ = १.०५ चौरस मीटर. दोन्ही ठिकाणी डीआर १ मीटरच, डीथीटा ०.१ च, पण लांबचा तुकडा जवळच्यापेक्षा सात पट मोठा. नुसतं डीआर डीथीटा लिहिलं तर या दोघांना सारखंच वजन मिळतं. तुकड्याची एक बाजू डीआर असते, दुसरी बाजू असते कंसाची लांबी, आणि ती आर · डीथीटा एवढी असते. मधली त्रिज्या घेऊन करून बघा: १०.५ × १ × ०.१ म्हणजे १.०५, तंतोतंत. जॅकोबियनचा (चल बदलताना क्षेत्रफळ किती पट होतं ते सांगणारा) डिटरमिनंट काढूनही हाच आर मिळतो. परीक्षेत विचारला तर तो जरूर काढा, पण समजायला ही पाचर पुरते.

आर गळाल्याची आणखी एक खूण आहे. आतलं संकलन अचानक अवघड होऊन बसतं. √(अ² − आर²) समोर आहे आणि तुम्ही साइनचं सब्स्टिट्यूशन करायला निघालात, तर तिथंच थांबा. आर सोबत असता तर अ² − आर² = टी एवढं पुरलं असतं. ई च्या डोक्यावर वजा आर² असेल तेव्हा तर आरशिवाय संकलन हातानं सुटतच नाही. पोलरमध्ये जातोच कशासाठी? सोपं व्हावं म्हणून. उलटं होत असेल तर आर कुठंतरी राहिला.

क्षेत्रफळ दुप्पट, घनफळ शून्य

हे दुखणं सगळ्यात जास्त आढळतं. आर = अ कॉस थीटा हे वर्तुळ घ्या. व्यास अ, ओरिजिनमधून जाणारं, उजवीकडे कललेलं. वर्तुळ आहे म्हटल्यावर हात आपोआप थीटाला ० ते २पाय लावतो.

∫(० ते २पाय) ∫(० ते अ कॉस थीटा) आर डीआर डीथीटा = पाय · अ² / २

पण त्रिज्या अ/२, म्हणजे क्षेत्रफळ पाय · अ² / ४ यायला हवं. दुप्पट झालं.

आता त्याच वर्तुळावर झेड = आर या शंकूखालचं घनफळ काढा, तीच लिमिट्स ठेवून. आत आर² चं संकलन, म्हणजे अ³ कॉस³ थीटा / ३. त्याचं ० ते २पाय केलं की उत्तर शून्य. चूक तीच, पण क्षेत्रफळात ती दुप्पट होऊन दिसते आणि घनफळात शून्य होऊन. मुलं या दोन वेगळ्या अडचणी समजून दोन वेगळ्या ठिकाणी शोधत राहतात.

कारण साधं आहे. थीटा ९० अंशांच्या पुढे गेला की कॉस ऋण होतो, म्हणजे आतलं वरचं लिमिटच ऋण होतं. आर हे अंतर आहे, ते ऋण चालणार नाही. क्षेत्रफळात लिमिटचा वर्ग होतो, ऋणाचं धन होतं, आणि तेच वर्तुळ दुसऱ्यांदा मोजलं जातं. शंकूच्या उदाहरणात लिमिटचा घन होतो, वजा चिन्ह टिकतं, आणि आधी जमा झालेलं सगळं कापलं जातं. थीटाचं लिमिट ठरवताना एकच प्रश्न विचारा: कोणत्या कोनांना आर शून्य किंवा धन आहे? इथं उत्तर वजा पाय/२ ते पाय/२. ते घातलं की क्षेत्रफळ पाय · अ² / ४ आणि घनफळ ४अ³/९. कॉसच्या जागी साइन असेल तर ० ते पाय.

लेम्निस्केटला, म्हणजे आर² = अ² कॉस २थीटा याला, हाच नियम जास्तच कडक लागतो. जेकब बर्नुलीनं १६९४ मध्ये मांडलेला हा कर्व्ह आडव्या आठासारखा दिसतो. ० ते २पाय घातलं की क्षेत्रफळ शून्य! समोर दोन धडधडीत फाके दिसत असताना क्षेत्रफळ शून्य लिहून पुढच्या प्रश्नाकडे गेलेल्या वह्या मी बघितल्या आहेत. कॉस २थीटा धन असतो तो वजा पाय/४ ते पाय/४ मध्ये. तेवढ्यात एक फाका, अ²/२. दोन मिळून अ². पाय येत नाही म्हणून घाबरू नका, उत्तर खरंच अ² आहे.

पाकळ्यांच्या कर्व्हमध्ये मात्र जरा चकवा आहे. आर = अ साइन २थीटा याला चार पाकळ्या, आणि ० ते २पाय घातलं तरी उत्तर बरोबर येतं, पाय · अ² / २. आर = अ साइन ३थीटा याला तीन पाकळ्या, आणि तिथं ० ते २पाय घातलं की दुप्पट. आधीचं गणित बरोबर आलेलं असतं म्हणून मुलं पुढच्याला तीच लिमिट्स लावतात. सम-विषमचा नियम लक्षात ठेवण्यापेक्षा एकच पाकळी घ्या: साइन ३थीटा शून्यापासून पुन्हा शून्य होईपर्यंत, म्हणजे ० ते पाय/३. एका पाकळीचं पाय · अ² / १२, गुणिले तीन, पाय · अ² / ४. पाकळ्या मोजायला आकृती काढावी लागते, आणि खरा फायदा त्यातच आहे.

एकाच्या आत, दुसऱ्याच्या बाहेर

कार्डिओइड (हृदयाच्या आकाराचा कर्व्ह) आर = अ(१ + कॉस थीटा) च्या आतलं, पण वर्तुळ आर = अ च्या बाहेरचं क्षेत्रफळ. पेपरला हे हमखास असतं आणि यात दोन वेगवेगळ्या चुका होतात.

पहिली: दोन आरची आधी वजाबाकी करून मग वर्ग करणं. अर्धा ∫ (मोठा आर − लहान आर)² असं लिहिलं की वजा पाय/२ ते पाय/२ मध्ये उत्तर येतं पाय · अ² / ४. करायला हवं ते वर्गांचं अंतर:

अर्धा ∫(वजा पाय/२ ते पाय/२) [अ²(१ + कॉस थीटा)² − अ²] डीथीटा = अ² (२ + पाय/४)

डबल इंटिग्रल पूर्ण लिहून आतली लिमिट्स अ ते अ(१ + कॉस थीटा) घातली, तर ही चूक होऊच शकत नाही. अर्ध्या वर्गाच्या सूत्रावर थेट उडी मारणाऱ्यांचीच ती होते.

दुसरी जास्त लपून बसते. थीटाला ० ते २पाय घातलं की उत्तर येतं पाय · अ² / २. पाठ असलेल्या सूत्राशी ताडून बघितलं तर आणखीच पटतं: कार्डिओइडचं ३पाय · अ² / २, वर्तुळाचं पाय · अ², वजाबाकी बरोबर पाय · अ² / २. वाटतं, जुळलं! पण वर्तुळ पूर्ण कार्डिओइडच्या पोटात नाही. डाव्या बाजूला कार्डिओइड आत वळतो आणि वर्तुळ त्याच्या बाहेर येतं. तेवढा बाहेरचा भाग, अ² (२ − पाय/४), ऋण होऊन वजा झाला.

इथं माझा उपाय पेन्सिलीचा. ओरिजिनपासून एक बाण काढा आणि तो फिरवा. बाण प्रदेशात कुठं शिरतो, ते आरचं खालचं लिमिट. कुठून बाहेर पडतो, ते वरचं. ज्या कोनांना बाण प्रदेशात शिरतच नाही, ते कोन थीटाच्या लिमिटमध्ये घ्यायचे नाहीत. या उदाहरणात ९० अंशांच्या पलीकडे बाण आधी कार्डिओइडमधून बाहेर पडतो आणि नंतर वर्तुळातून. तिथं आपल्याला हवा असलेला तुकडाच नाही.

उत्तर फार सुबक आलं तर

अ त्रिज्येचा गोल, आणि आर = अ कॉस थीटा या वर्तुळावर उभा केलेला सिलिंडर. दोन्हींत सामाईक असलेलं घनफळ काढा. गोल वर-खाली दोन्हीकडे आहे, म्हणून २ ने गुणून

२ ∫(वजा पाय/२ ते पाय/२) ∫(० ते अ कॉस थीटा) √(अ² − आर²) आर डीआर डीथीटा

आतलं संकलन केलं की वरच्या लिमिटला (अ² साइन² थीटा) याचा ३/२ घात येतो. तो मुलं अ³ साइन³ थीटा असा लिहितात, साइन³ विषम म्हणून त्याचं शून्य करतात, आणि उत्तर देतात २पाय · अ³ / ३.

हे उत्तर काय म्हणतंय ते बघा. पूर्ण गोलाचं घनफळ ४पाय · अ³ / ३. म्हणजे गोलाच्या निम्म्या व्यासाचा हा सिलिंडर निम्मा गोल घेऊन जातो? आकृतीकडे एकदा बघितलं तरी पटत नाही. वर्गमूळ कायम धन असतं, म्हणून तिथं साइनचा मॉड, म्हणजे चिन्ह सोडून किंमत, हवा. मॉडसकट केलं की

(२अ³/३)(पाय − ४/३)

म्हणजे गोलाच्या साधारण २९ टक्के. मॉड नको असेल तर थीटाला ० ते पाय/२ घ्या आणि बाहेर आणखी २ ने गुणा. सममिती वापरणं इथं नुसती सोय नाही, त्यानं चूकही टळते.

या आकाराचा मान मोठा आहे. व्हिव्हियानी या इटालियन गणितज्ञानं १६९२ मध्ये अर्धगोल घुमटाला चार सारख्या खिडक्या अशा पाडायचं कोडं घातलं, की उरलेल्या पृष्ठाचं क्षेत्रफळ नेमकं काढता यावं. असे दोन सिलिंडर समोरासमोर काढून टाकले की अर्धगोलावर उरतं ४अ², आणि आत उरलेलं घनफळ ८अ³/९. दोन्हींत पाय औषधालाही नाही.

छप्पर बदलतं तिथं संकलन तोडा

हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची पेवं जमिनीखाली असत. तोंड अरुंद, पोट मोठं. घनफळाच्या गणिताला याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही. मापं आपण सोयीची घेऊ: पोट म्हणजे २ मीटर त्रिज्येचा गोल, त्याचा मध्य जमिनीखाली ३ मीटरवर, आणि वरचं नळकांडं अर्धा मीटर त्रिज्येचं.

तोंडातून खाली दोरी सोडली तर ती जमिनीच्या पातळीपासून थेट तळापर्यंत जाते. लांबी ३ + √(४ − आर²). एवढं लिहून बरेच जण आरला ० ते २ लिमिट घालतात. उत्तर १७.३३ पाय, म्हणजे जवळपास ५४.५ घनमीटर. पण मध्यापासून अर्ध्या मीटरच्या पुढे गेलं की वर मोकळी जागा नाही, माती आहे. तिथं उंची फक्त गोलातली, २√(४ − आर²). म्हणून संकलन आर = ०.५ ला तोडायचं:

२पाय ∫(० ते ०.५) [३ + √(४ − आर²)] आर डीआर + २पाय ∫(०.५ ते २) २√(४ − आर²) आर डीआर

पहिल्याचं साधारण १.२४ पाय, दुसऱ्याचं ९.६८ पाय, मिळून १०.९२ पाय, म्हणजे ३४.३ घनमीटर. ताळा सोपा आहे. नुसता गोल ३३.५ घनमीटर, वर नळकांड्याचे ०.८. पहिल्या उत्तरात वीस घनमीटर माती हळद म्हणून मोजली गेली होती.

दोन पृष्ठांमधलं घनफळ विचारलं की हाच विचार करायचा. वर काय, खाली काय, आणि बुडाचं वर्तुळ कुठून आणायचं? झेड = आर² आणि झेड = ८ − आर² यांच्यामधलं घनफळ असेल तर दोन्ही समान ठेवा, आर = २ मिळेल. काही जण वरच्या पॅराबोलॉइडला (उपड्या वाटीसारख्या पृष्ठाला) झेड = ० ठेवून आर = √८ घेतात. २ च्या पुढे वरचं पृष्ठ खाली जातं आणि घनफळ ऋण होऊन कापलं जातं. २ घेतलं की उत्तर १६पाय. √८ घेतलं तर नेमकं शून्य.

किरकोळ, पण गुण घालवणाऱ्या

उत्तरात थीटा उरला असेल तर संकलनाचा क्रम उलटा झाला आहे. ज्या लिमिटमध्ये थीटा आहे ते आतलं, आकडे असलेलं बाहेरचं. एक्स-वायमधून पोलरमध्ये नेताना वाय = √(२अ·एक्स − एक्स²) दिसलं की आरला ० ते २अ घालू नका. वर्ग करा, आर = २अ कॉस थीटा मिळेल, आणि वरचा अर्धा भाग असेल तर थीटा ० ते पाय/२. उभी रेषा एक्स = १ असेल तर आर = सेक थीटा. रेषेवर आर कॉन्स्टंट नसतो, हे वर्तुळांची सवय झालेल्या हाताला पटकन सुचत नाही.

आणि कॅल्क्युलेटर. संकलनाचं बटण असलेल्या कॅल्क्युलेटरवर बाहेरचं संकलन तपासणारे बरेच आहेत, त्यात वाईट काही नाही. पण डिग्री मोडमध्ये कॉस² चं ० ते पाय केलं तर यंत्र ते ० ते ३.१४ अंश असं समजतं. तेवढ्या कोनात कॉस जवळजवळ १ च असतो, म्हणून १.५७ च्या जागी ३.१४ च्या आसपास उत्तर दिसतं. नेमकं दुप्पट वाटावं असं. तेव्हा दुप्पट आलं म्हणून थीटाची लिमिट्स शोधायला लागण्याआधी स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बारीक 'डी' दिसतोय का बघा.